टिप्याला बांधलंय का

पिंपरी गाव,
ता. ७ नोव्हेंबर १९५७

तीर्थरूप अक्कास,

शालनचा साष्टांग नमस्कार. आम्ही तिघंही इथे खुशाल आहोत. तुझं पत्र पोचलं. या वेळी अक्षर सरळ आलं आहे. मागच्या वर्षी ओळी खाली घसरायच्या, तेव्हा मी मजकूर वाचायच्या आधी ओळीच बघायची. आता आधी मजकूर वाचला.

दिवाळी बरी झाली. इंदूला परकर-पोलकं शिवलं, हिरवं. उंची वाढली आहे, म्हणून खाली दोन बोटं दुमड ठेवली आहे. पहिलीत तिचा नंबर वरचा आहे. अंक छान काढते, फक्त चार उलटा काढते.

तू कुत्र्याची आणि त्या प्राण्यांची फार काळजी केली आहेस, म्हणून सगळं नीट लिहिते. कुत्रा आमचा नाही. घरमालक सोनबांचा. त्यांची जमीन औषधाच्या कारखान्यात गेली, राखायला फारसं शेत उरलं नाही, तेव्हापासून तो आमच्या पायरीवर पडून असतो. पांढऱ्या अंगावर काळे ठिपके, म्हणून नाव टिप्या. इंदूला शाळेत पोचवतो आणि सुटायच्या वेळी जाऊन बसतो. आजवर कोणाला चावलेला नाही.

ते दोन प्राणी ह्यांनी आणले. ह्यांचं काम कारखान्यात जनावरांच्या खोलीत असतं, हे तुला ठाऊक आहे. तिथे गिनीपिग पाळतात. सशाहून लहान, उंदराहून पुष्कळ मोठे, शेपूट नाही. घरमालकीण कुशाबाई त्यांना बिनशेपटीचं उंदीर म्हणतात. औषध देऊन बघायला धडधाकट जनावर लागतं. या दोन पिल्लांतलं एक मागच्या पायाने अधू निघालं आणि दुसरं फार किरकोळ. साहेबांना विचारून ह्यांनी ती घरी आणली. त्यांना काहीही टोचलेलं नाही, त्यांच्यापासून इंदूला कसलाही धोका नाही. ह्यांनी मुद्दाम लिहायला सांगितलं आहे. अधू आहे ती पांढरी, तिचं नाव इंदूने कापशी ठेवलं. तपकिरी ठिपक्यांची ती बुंदी.

आता कुत्र्याचं. पहिल्या दिवशी टिप्याने खोक्याभोवती अशा फेऱ्या मारल्या की मला धडकी भरली. हे म्हणाले, "घाई करायची नाही. त्याला वासाची सवय होऊ दे." खोक्याला बारीक जाळी मारली, वर झाकण आणि कडी केली, खोका उंच कट्ट्यावर ठेवला. टिप्याला साखळीला बांधून लांब बसवायचं, रोज थोडं जवळ आणायचं, शांत बसला की भाकरीचा तुकडा द्यायचा. भुंकला, अंग ताठ केलं की पुन्हा लांब. असं करत करत आता तो कट्ट्याखाली झोपतो.

पण ह्यांचा एक नियम आहे आणि तो इंदूला पाठ आहे. प्राणी खाली फरशीवर सोडायचे तर आधी टिप्याला बाहेर बांधायचं, आणि बांधलंय का हे मोठ्या माणसाला विचारायचं. मी एकदा म्हटलं, "एवढा गरीब झालाय, आता कशाला." तर हे म्हणाले, "तो गरीबच आहे. पण समोरून काही पळालं की कुत्रा धावतो. त्यात त्याच्या मनात वाईट काही नसतं. म्हणून लक्ष आपण ठेवायचं."

इंदूला तिकडे आणण्याबद्दल तू लिहिलंस. आता आरोग्यधामात व्हरांड्यातून मुलांना भेटू देतात हे वाचलं. पण सध्या शाळा बुडवणं बरं नाही, शिवाय थंडी पडायला लागली आहे आणि तिला सर्दी लवकर होते. संक्रांतीनंतर बघू. राग मानू नकोस.

तब्येतीला जप. दूध टाळू नकोस.

तुझी,
शालन


पिंपरी गाव,
ता. १९ जानेवारी १९५८

तीर्थरूप अक्कास,

नमस्कार. तिळगूळ वेगळ्या पुडीत पाठवला आहे. इंदूने त्यातला निम्मा मुठीत वळला आहे, वेडेवाकडे लाडू तिचे.

तुझ्या पत्रातली बातमी मी ह्यांना मोठ्याने वाचून दाखवली. थुंकी साफ. ह्यांनी पत्र हातात घेऊन पुन्हा वाचलं. तू लिहिलंस की डॉक्टरांनी शेवटची परीक्षा तुझी थुंकी गिनीपिगला टोचून केली आणि ते जनावर शेवटपर्यंत निरोगी राहिलं. हे म्हणाले, ती सगळ्यात खात्रीची परीक्षा. क्षयरोग त्या प्राण्याला फार पटकन धरतो, आणि त्याला धरला नाही म्हणजे तुझ्या अंगात तो उरलेला नाही. मग त्या जनावराचं पुढे काय करतात, हे मी विचारलं नाही. त्यांच्या तोंडावरून कळलं.

मी त्या संध्याकाळी देवापुढे साखर ठेवली. इंदूने विचारलं, साखर कशाची. मी म्हटलं, अशीच.

पाडव्याच्या सुमारास सोडतील आणि जूनपासून कोरेगावची शाळा तुला पुन्हा कामावर घेईल, हेही वाचलं. फार चांगलं झालं. सुपरिंटेंडेंटबाईंनी जागा धरून ठेवली, अशी माणसं मिळत नाहीत. मात्र लगेच अंगावर सगळं घेऊ नकोस. घर लावायचं, चूल पेटवायची, शाळा करायची, त्यात भाऊजींच्या मागे एका मुलीचं करायचं म्हणजे सोपं नाही. काही महिने एकटीने राहून ताकद येऊ दे. इंदू इथे रुळली आहे. तिची तू चिंता करू नकोस.

ती मजेत आहे. प्राण्यांना खायला लसूणघास आणायला रोज कुशाबाईंबरोबर मळ्यात जाते. सोनबांचा एवढाच तुकडा आता नदीकडे उरला आहे. पावलं ऐकली की दोन्ही प्राणी जाळीला तोंड लावून शिट्टीसारखं ओरडतात आणि टिप्या कान टवकारून आमच्याकडे बघतो, जणू आमची वाट तोच बघत होता. परवा बुंदी जाळीपाशी होती आणि टिप्याने बाहेरून तिचं नाक चाटलं. बुंदी हललीसुद्धा नाही. इंदू टाळ्या पिटत आत आली आणि म्हणाली, "आई, बघ, त्यांची मैत्री झाली."

कुशाबाई तिथेच होत्या. त्या म्हणाल्या, "मैत्री कसली, कुत्रं हाय ते. उगा इस्वास टाकू नगा."

इंदू मला कधीमधी "आई" म्हणते. शाळेतल्या बाकीच्या मुलींचं ऐकून लागलेली सवय आहे. लिहिणार नव्हते, पण तू आलीस की कानावर पडेलच.

संक्रांतीनंतर आणते म्हटलं होतं, तेवढ्यात तिला खोकला झाला. साधाच आहे, ह्यांनी छाती तपासून आणली, काही नाही. पण आता तू येणारच आहेस, तर एवढ्यासाठी प्रवास कशाला.

फोटो काढून पाठवायचं राहिलं आहे. पाठवते.

तुझी,
शालन


पिंपरी गाव,
ता. ८ मार्च १९५८

तीर्थरूप अक्कास,

हे पत्र तू निघायच्या आधी तुला मिळायला हवं, म्हणून ह्यांच्याकडे देऊन स्टेशनच्या पेटीत टाकायला सांगणार आहे. आधी वाच, मग पाहिजे ते बोल.

कापशी गेली. टिप्याने मारली.

गेल्या सोमवारी दुपारी तुझं पत्र आलं. पाडव्याला सकाळच्या गाडीने पिंपरीला उतरते आणि इंदूला घेऊनच कोरेगावला जाते, असं तू लिहिलं होतंस. मी चुलीपाशी उभी राहून ते वाचत होते. एकदा वाचून झालं तरी बाजूला ठेवलं नाही. चुलीवर आमटी होती, ती उतू गेली, तेही मला वासाने कळलं. तेवढ्यात बाहेरच्या खोलीतून इंदूने विचारलं, "आई, टिप्याला बांधलंय का?"

मी म्हटलं, "हो."

मी पाहिलं नव्हतं. तिने काय विचारलं तेही मी नीट ऐकलं नव्हतं. टिप्या मागच्या दारात पडला होता, साखळी खुंटीला तशीच लोंबत होती. तिने दोघींना खाली घेतलं, पुढ्यात लसूणघास टाकला. टिप्या उठून आत आला. बुंदी जागेवर दबून बसली म्हणून वाचली. कापशी घाबरून पळाली. तिला कुठे धड पळता येतंय.

रक्तसुद्धा फारसं आलं नाही. एकदाच झडप घातली आणि लगेच खाली ठेवली, आणि शेपूट हलवत इंदूकडे बघत राहिला. मी धावत आले तेव्हा इंदू तिला पदरात घ्यावं तशी परकरात घेऊन बसली होती. रडत नव्हती. म्हणाली, "मी विचारलं होतं."

हे पहिल्या पाळीवरून आले. त्यांनी मागे शेवग्याखाली खड्डा केला. सोनबा नव्हते, कुशाबाई आल्या होत्या. इंदूने कापशीला स्वतः ठेवलं, वर पाला घातला. मग हात झटकून अगदी साध्या आवाजात ह्यांना विचारलं, "काका, आता ही आरोग्यधामात जाणार ना? तिकडच्या आईकडे?"

ह्यांच्या हातातली कुदळ तशीच राहिली. ते माझ्याकडे बघायला लागले. मी खाली बघितलं.

कुशाबाई म्हणाल्या, "लेकराला काय सांगून ठिवलंय गं बाय तुमी?"

अक्का, मी तिला तू गेलीस असं कधीही सांगितलेलं नाही. तोंडाने नाही सांगितलं. तू आरोग्यधामात गेलीस तेव्हा ती चार वर्षांचीही नव्हती, रोज दाराशी बसायची. तेव्हा मी सांगितलं, आई बरं वाटायला लांब गेली आहे. पुढे शेजारचे तात्याबा वारले. त्यांना नेताना तिने पाहिलं आणि विचारलं, कुठे नेतात. मला सुचलं ते बोलले, बरं वाटायला लांब नेतात. तेच शब्द. मला तेव्हा लक्षातही आलं नाही. तुझ्या पत्रातले तिच्यासाठीचे शब्द मी आधी वाचून दाखवायची, पण ऐकलं की ती जेवायची नाही, म्हणून तेही बंद केलं. मग हळूहळू तिने विचारणं सोडलं. आणि मग एके दिवशी मला आई म्हणाली.

मी मनाची समजूत काढली की पोरं विसरतात. ती विसरली नव्हती. तिने एकटीनेच तुझं सुतक पाळलं होतं, आणि आम्ही दोघं मोठी माणसं शेजारी बसून जेवत होतो.

मला ठाऊकच नव्हतं, असं लिहून मोकळं व्हावंसं वाटतं. ह्यांना खरंच ठाऊक नव्हतं. माझं मात्र तसं नाही. एकदा ती मैत्रिणीला सांगत होती, "माझी आधीची आई होती." मी दाराआड उभी होते. मी पुढे होऊन काहीच बोलले नाही. त्या दिवशी मी तिच्यासाठी शिरा केला.

आठ वर्षं माझी कूस रिकामी आहे, हे तुला ठाऊक आहे. कोणी काही बोलत नाही, हे तर कधीच बोलले नाहीत. पण शाळेच्या दाराशी "आई" म्हणून कोणी हाक मारली की मी वळून बघायला लागले होते, आणि हाक माझ्यासाठीच असायची. शाळा बुडेल, थंडी आहे, खोकला आहे, हे मी तुला काय काय लिहिलं, ते आता पुन्हा लिहीत नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी तिला समोर बसवून सगळं सांगितलं. तुझी आई आहे. आजारी होती, आता बरी झाली आहे. पाडव्याला येणार आहे. ती म्हणाली, "खोटं." मी तुझं पत्र दाखवलं, सहीवर तिचं बोट धरून फिरवलं. तिला आता वाचता येतं. तिने तुझं नाव वाचलं, उठली आणि बाहेर गेली. मला वाटलं रडायला गेली असेल.

थोड्या वेळाने बघते तर शेवग्याखाली बसून आमटीच्या डावाने माती उकरत होती. "काय करतेस गं?" म्हटलं तर म्हणाली, "आई परत आली, मग कापशी पण येईल. तिला वर यायला जागा नको का?"

ह्यांनी त्या दिवशी पाळी बदलून घेतली होती म्हणून घरी होते. त्यांनी तिला उचललं. तिने त्यांच्या तोंडावर मारलं, दंडाला चावली, आणि मग इतकी रडली की कुशाबाई वाटेवरून धावत आल्या. कापशी का येणार नाही आणि तू का येणार आहेस, हे ह्यांनी तिला मांडीवर घेऊन समजावलं. मला जवळ येऊ दिलं नाही तिने.

टिप्याला सोनबांच्या मळ्यावर पाठवून द्यायचं हे म्हणत होते. इंदू म्हणाली, "त्याला नाही पाठवायचं. त्याला कुठे माहीत होतं."

आता तू येशील तेव्हाचं लिहिते. तिला एकदम जवळ घेऊ नकोस. फलाटावर आम्ही तिघं असू. तू आधी ह्यांच्याशी बोल, माझ्याशी बोलावंसं वाटलं तर माझ्याशी बोल, मग टिप्या कुठे आहे, बुंदी काय खाते, असं काहीतरी तिला विचार. ती उत्तर देईल. तिचा हात तिला स्वतःहून पुढे करू दे. ती तुला घाबरेल. तुझ्या रोगाला नाही, तू आहेस यालाच घाबरेल. त्याचा दोष तिला लावू नकोस.

मला काय म्हणायचं ते समोर म्हण. मी ऐकेन.

शालन


पिंपरी गाव,
ता. २२ जून १९५८

तीर्थरूप अक्कास,

नमस्कार. तुझं पत्र पोचलं. फलाटावर तू मला काही बोलली नाहीस आणि पत्रातही नाहीस. बोलली असतीस तर मला सोपं गेलं असतं. ते असो.

इंदू कोरेगावच्या शाळेत दुसरीत बसली हे वाचून बरं वाटलं. तू लिहितेस की तू वर्गात गेलीस की ती इतर मुलींसारखी उभी राहून "नमस्ते बाई" म्हणते, आणि घरी आल्यावर तुला कसलीच हाक मारत नाही. पाणी हवं असलं तरी येऊन नुसती उभी राहते. आणि परवा जेवताना चुकून दाराकडे बघून "आई, मीठ" म्हणाली, तू मीठ घेऊन गेलीस, तर म्हणाली, "नको, पुरे आहे."

अक्का, तिला वेळ लागेल. मिठाचं भांडं तिच्या हाताला येईल असं ठेव. चपातीची कड खात नाही, ओरडू नकोस. कपाळ तापलं की बोलायची बंद होते, तेवढ्यावरून ओळख. झोपताना पाठीवर नुसता हात ठेवायचा, थोपटायचं नाही. हे मी तुला आधीच सांगायला हवं होतं. तुझ्या हातात तिचं गाठोडं दिलं, कपडे सगळे मोजून दिले, आणि हे सांगायचं राहिलं. राहिलं म्हणजे मीच माझ्याकडे ठेवलं असेल. आता देते.

ती प्राण्यांबद्दल विचारते म्हणालीस. खरं तेच सांग. बुंदी एकटी पडल्यावर खाईना. त्या जातीला जोडीदार लागतो. जाळीपाशी बसून राहायची, ओरडायचीही बंद झाली. मग ह्यांनी साहेबांना विचारून तिला परत नेलं. पैदाशीसाठी ठेवलेल्या माद्यांच्या पिंजऱ्यात आहे, औषधाच्या नाही. आधी बाकीच्यांनी हाकललं, आता त्यांच्यात बसते. हे रोज बघून येतात आणि मला सांगतात. इंदूला सांग, काका बघतात.

टिप्या आहे. शाळा सुटायच्या वेळी जाऊन बसायचा, ते बरेच दिवस चाललं. शाळेतल्या पोरांनी दगड मारले तेव्हा कुशाबाईंनी त्याला दावणीला बांधला. मला म्हणाल्या, "त्याला कुनी सांगायचं, बाय?"

हे माझ्याशी बोलतात, पण पूर्वीसारखं नाही. रागावलेले नाहीत. एकदा जेवता जेवता एवढंच म्हणाले, "तू मला तरी सांगायचंस." इंदू गेल्यावर त्यांनी खोका मोडून फळ्या नीट रचून ठेवल्या. जाळीही गुंडाळून ठेवली आहे. कशासाठी, ते मी विचारत नाही.

दिवाळीला ये, चार दिवस राहा, असं तू लिहिलंस. तू ते मनापासून लिहिलंस हे मला कळतं, आणि त्याचंच जास्त लागतं. पण अक्का, मी येणार नाही. मी दारात दिसले की ती माझ्याकडे धावेल, किंवा धावणार नाही. दोन्ही तुला बघायला लागेल. अजून वर्षभर तरी नको. तिने तुला एकदा सरळ हाक मारली, पाणी मागताना, भांडताना, कशीही, की मला एक कार्ड टाक. जास्त लिहू नकोस, एवढंच लिही. मग मी बघेन.

तिने माझी आठवण काढली तर अडवू नकोस, आणि काढली नाही तर तू काढून देऊ नकोस.

तिच्या हिरव्या परकराची दुमड आता उसवायला हवी. दोन बोटं आहे, पुरेल.

इंदूची मावशी,
शालन